समोरच्या बाजूने

१

भागू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुकरची शिट्टी झाली तरी पोर टुणकन उडायची, म्हणून बाबांनी तिला भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली. पुढे भित्री आणि बाई दोन्ही गळून पडले आणि भागू तेवढी उरली. कॉलेज झालं, पदवी हातात आली, तरी मागून कुणी हाक मारली की तिच्या कपातला चहा बशीत सांडायचाच. आणि अशा मुलीने नोकरी धरावी ती आवाजांची! कानांच्या दवाखान्यात एक आवाजबंद खोली होती. पेशंटने आत बसून कानांवर हेडफोन चढवायचा, भागूने काचेबाहेरून बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या, ऐकू आली की पेशंटने बटण दाबायचं. न ऐकू येताही माणसं बटण दाबत. हरायला कुणाला आवडतं?

घरी बाबा निम्म्याहून जास्त बहिरे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कानाच्या मशीनचं नाव काढलं की ते हात झटकत.

"काय ऐकायचंय आता मला? बातम्या? त्या न ऐकलेल्याच बऱ्या."

आईला जाऊन काही महिने झाले होते. फुप्फुसांचं दुखणं. शेवटी शेवटी तिला आडवं होता येत नसे; पाठ टेकली की जीव घाबरा व्हायचा. म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसून असायची. दोन्ही कोपरं टेबलाच्या काचेवर रोवायची, पुढे झुकायची आणि खोल विहिरीतून पाणी शेंदावं तसा एकेक श्वास वर ओढायची. तो बाहेर पडताना बारीक शीळ वाजे. ती गेली तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणाला, "सुटली बिचारी." भागूने ते शब्द बुडत्याने काडी धरावी तसे धरून ठेवले. आई नाही, पण तिचा तो श्वासही नाही. एवढ्या एका गोष्टीवर ती सकाळी उठत होती आणि कामाला जात होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "तू रडत नाहीस, बोलत नाहीस, धड जेवत नाहीस. निदान नाणी तरी उडव." ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी एक वर्ग भरे, तिथे त्यांनी तिला पाठवलं.

२

वर्ग घेणाऱ्या बाई आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेल्या. चीनमधली नाणी टाकून कौल घ्यायची जुनी रीत त्या शिकवत.

"भविष्य हवं असेल त्यांनी आत्ताच घरी जावं," असं त्या आधीच बजावत. "नाण्याला काय ढेकळं कळतंय? कळतं ते आपल्यालाच. पण आपण आपलं ऐकत नाही, म्हणून मध्ये नाणं घालायचं."

पहिल्या दिवशी भागूला उशीर झाला. ती दबकत आत शिरली तेव्हा मोठ्या टेबलाला माणसं चिकटून बसली होती. बाईंच्या थेट समोरची खुर्ची तेवढी रिकामी होती. बाई बोलता बोलता नाणी टाकत होत्या, कागदावर रेघा ओढत होत्या. भागू त्या रेघा बघून आपल्या कागदावर उतरवत गेली, जशा दिसल्या तशा. पहिली वर, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मध्येच काही विचारायची तिची छाती झाली नाही.

रीत तशी सोपी. चौकोनी भोकाची तीन पितळी नाणी. अक्षरांची बाजू पडली तर दोन, कोरी पडली तर तीन. बेरीज विषम आली तर अखंड रेघ, सम आली तर मध्ये तुटलेली. असं सहा वेळा करायचं, सहा रेघांची आकृती तयार होते. प्रत्येक आकृतीला नाव आहे, आणि नावाखाली चार ओळी. त्या वाचायच्या आणि विचार करायचा.

"हो की नाही असं विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "मोकळा प्रश्न विचारायचा. एकच प्रश्न दोनदा विचारायचा नाही; ती चावटी झाली. आणि आकृती काढली की फडताळात कोंबायची नाही. आपण बसतो तिथे डोळ्यांसमोर राहू द्यायची."

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा भागू स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. तिच्या समोर आईची खुर्ची. नाणी ओंजळीत घेऊन तिने मनातल्या मनात न म्हणता मोठ्यानेच विचारलं, "आईशिवाय या घरात कसं राहायचं?"

पहिली रेघ अखंड आली. पुढच्या पाचही तुटलेल्या. तिने त्या एकीखाली एक, वरून खाली ओढल्या. वर एक सलग आडवी रेघ आणि खाली नुसती भगदाडं. बाईंनी दिलेल्या छापील कागदांत ती आकृती सापडली. नाव होतं "झडणे". खाली लिहिलं होतं की जे गळून पडतंय ते पडू द्यावं, धरून ठेवू नये. ही कुठे निघण्याची वेळ नव्हे.

भागूला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. कुणीतरी शहाण्या माणसाने पाठीवरून हात फिरवावा तसं. तिने आकृतीचा कागद टेबलाच्या मधोमध ठेवला, उडू नये म्हणून कडेला मिठाची बरणी ठेवली आणि उठून भांडी घासायला घेतली.

३

दोन-तीन दिवसांनी ती कामावरून आली तर बाबा दारातच म्हणाले, "आधी तिला पाणी दे."

"कुणाला?"

"आईला. मघापासून खोकतेय."

भागूच्या खांद्यावरची पिशवी सरळ खाली आली. मग तिने स्वतःला सावरलं. यात भुताखेतांचं काही नव्हतं. हे ती आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या पेशंटच्या मुलीला समजावून सांगत असे. बहिऱ्या कानांना बाहेरून आवाज मिळेनासा झाला की डोकं घरचेच जुने आवाज काढून वाजवत बसतं. कुणाला देवळातली घंटा ऐकू येते, कुणाला शाळेतली कविता. बाबांना खोकला ऐकू येतो. साधी गोष्ट आहे.

"बाबा, तो तुमच्या कानांचा खेळ आहे. उद्या चला माझ्याबरोबर, तपासू."

"काय?"

"कान! कान तपासू!"

"ओरडू नकोस, ती दचकेल," बाबा म्हणाले आणि स्वतःच पेला भरून आईच्या खुर्चीपुढे ठेवून आले.

गंमत अशी की बाबा त्या दिवसापासून सुधारले. रोज दाढी करू लागले. इस्त्रीचा सदरा घालू लागले. स्वयंपाकघरात टेबलाच्या आखूड बाजूला बसून भाजी निवडत, कुणाशी तरी हळू आवाजात बोलत. आणि ज्या माणसाला दाराची बेल ऐकू येत नव्हती तो मध्येच थांबून, मान तिरकी करून, उत्तर ऐकत असे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगलं झालं हो, सावरले तुझे बाबा." भागू हो म्हणाली. काय म्हणणार?

खुर्ची मात्र तिला खटकू लागली. सकाळी निघताना ती आत सरकवलेली असे आणि संध्याकाळी ओढलेली. बाबा ओढत असतील, असं ती म्हणे. पण अंगापिंडाने सडसडीत बाईला बसता येईल इतकीच ती ओढलेली असे. बाबांनी ओढली असती तर भिंतीला टेकली असती. त्यांना कुठलीच गोष्ट हलक्या हाताने जमत नसे.

एका संध्याकाळी, उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा, ती टेबलाशी बसून त्या आकृतीकडे बघत होती. बाबा बाहेरच्या खोलीत होते. बरणी कागदाच्या तिच्याकडच्या कडेवर होती, पलीकडची कड मोकळी. ती कड किंचित उचलली गेली आणि खाली बसली. पुन्हा उचलली गेली, खाली बसली. भागूने वर पाहिलं, पंखा बंद होता. खिडकी बंद होती. तिने स्वतःचा श्वास धरून ठेवला. कड उचलली गेली.

आणि मग तिने ते ऐकलं. शिकवलेल्या कानाने ऐकलं. ऐकू येण्याच्या अगदी उंबरठ्यावर, जिथे पेशंट बटणावर बोट ठेवून घुटमळतो तिथे, श्वास आत ओढल्याची खरखर होती. मग थांबणं. मग ती बारीक शीळ.

४

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंकडून आपलेच कान तपासून घेतले. आवाजबंद खोलीत ती पहिल्यांदाच पेशंटच्या खुर्चीत बसली होती. तिथे काही म्हणता काही ऐकू आलं नाही, फक्त शिट्ट्या. तिने एकही चुकवली नाही.

"कान सोन्याचे आहेत तुझे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता डोकं कुणाकडून तरी बघून घे." मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, "थट्टा केली गं. चहा पितेस का?"

घरी आल्यावर तिने बाबांना विचारलंच. त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश. "बाबा, कशी आहे ती?"

बाबांनी नवल केलं नाही. "तशीच. श्वास लागतो तिला."

"त्रास होतो का?"

"होतो की. सारखी पुढे झुकून बसते. मागे टेक म्हणतो, तर मान हलवते." ते हसले, जुन्या सवयीच्या तक्रारीसारखं. "पण असू दे. खोकते तर खोकते. आहे ना."

भागू उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आई आली म्हणून आनंद व्हायला हवा होता. कितीदा तिने नवस केल्यासारखं मनात म्हटलं होतं, एकदा दिस, एकदा बोल. पण यायचंच होतं तर बरी होऊन यायचं. लग्नातल्या फोटोतली होऊन यायचं, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या गाळत वर येणारी होऊन यायचं. ही तर तिथूनच परत आली होती जिथे थांबली होती. सगळे म्हणाले होते सुटली. कुणी सुटलं नव्हतं. एक सुटलेली बाई पुन्हा त्या खुर्चीला बांधली गेली होती आणि विहिरीतून एकेक श्वास ओढत होती, आणि बाहेरच्या खोलीत तिचा नवरा सुखाने शीळ घालत होता.

भागूला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं. नळाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

५

वर्गाला जायचं नव्हतंच. पाय आपोआप वळले. बाई सगळ्यांच्या आकृत्या बघत फिरत होत्या. भागूला आपली आकृती पाठ होती. तिने ती बाईंसमोर पुन्हा काढून दाखवली, वरून खाली.

"थांब, थांब. यातली पहिली पडलेली रेघ कुठली?"

"ही. वरची."

"वरची? अगं, घर पायापासून बांधतात की छपरापासून?" बाई हसल्या. "आकृती खालून वर चढवायची असते. तुला उलटं कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. तुम्ही असंच काढत होता."

बाईंनी चष्मा वर केला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "पहिल्या दिवशी तू माझ्या समोर बसली होतीस! मी माझ्या बाजूने खालून वर काढत होते. पलीकडून तुला ते वरून खाली दिसलं. आणि तू तसंच उतरवलंस, शहाणे." त्यांनी कागद बोटांनी गर्रकन फिरवला. "म्हणजे तू काढलेली आकृती तुला उलटी आणि समोरच्या माणसाला सुलटी. कोण बसतं तुझ्या समोर?"

"कुणी नाही," भागू म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"मग काही बिघडलं नाही. हे बघ, अखंड रेघ खाली आली. हे झडणे नव्हेच. हे परतणे." बाईंनी छापील कागद शोधून तिच्यापुढे धरला. परतणे. वाट मोकळी आहे. जाण्याला आणि येण्याला अडसर नाही. जो गेला तो त्याच वाटेने माघारी येतो.

"बाई, ही बदलायची झाली तर?"

"बदलायची कशाला? ते काय औषध आहे? प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, एवढं लक्षात ठेव. कागद फिरव आणि नीट वाच, झालं." मग त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुला गार वाटतंय का गं? हात बघ कसे झालेत."

६

दुसऱ्या दिवशी तिने दुपारची सुट्टी घेतली. येताना सगळ्या वाटेने ती स्वतःशी वाद घालत होती. शिकलेली मुलगी, शास्त्राची पदवी, आणि जाते आहेस काय तर एक कागद फिरवायला! पण दुसरा आवाज म्हणे, नुसता कागदच आहे ना? मग फिरवायला कसली भीती?

स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. बाबा टेबलाच्या आखूड बाजूला बसून मटार सोलत होते. आईची खुर्ची ओढलेली. भागू आपल्या जागी बसली. टेबलाची काच स्वच्छ पुसलेली होती, आणि समोरच्या खुर्चीपुढे, साधारण माणसाचं तोंड येईल तिथे, काचेवर वाफेचा एक धुरकट ठसा होता, तळहाताएवढा. तिच्या डोळ्यांदेखत तो कडांकडून आत आत विरत गेला, नाहीसा झाला. मग शीळ आली आणि ठसा पुन्हा उमटला.

तिने बरणी बाजूला केली.

"राहू दे तो कागद," बाबा म्हणाले.

त्यांना त्या आकृतीतलं काही कळत नव्हतं, तिने कधी सांगितलंच नव्हतं. पण त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

"बाबा, तिला त्रास होतोय."

"मला ऐकू येतं."

"मग?"

बाबांनी हातातली शेंग अंगठ्याने दाबून पाहिली. समोर काचेवर वाफ येत होती, जात होती. आज जास्तच लवकर लवकर. "तू दिवसभर बाहेर असतेस गं," ते शेवटी म्हणाले. "माझ्याशी कोण बोलतं?" मग खुर्चीकडे मान वळवून, कान पुढे करून, त्यांनी काहीतरी ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. त्यांनी शेंग खाली ठेवली.

"ती म्हणतेय पुरे," बाबा म्हणाले. "फिरव."

भागूने कागदावर चारही बोटं ठेवली आणि तो सावकाश वळवायला लागली. पाव फेरा झाला. मग कागद अडला. पलीकडच्या कडेवर कुणीतरी बोट ठेवलं होतं. धरून ठेवण्याचा जोर त्यात नव्हता. शेवटच्या दिवसांत आई चमचा धरायची तेवढाच. जरा ओढलं असतं तर सुटलं असतं. भागूने बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आई," ती म्हणाली, "सोड आता."

कागद सुटला. तिने तो पुरता फिरवला. अखंड रेघ तिच्या बाजूला, खाली आली. पलीकडून पाहणाऱ्याला ती आता वर दिसत असणार, आणि तिच्याखाली नुसती भगदाडं. झडणे. जे गळून पडतंय ते पडू द्यावं. काचेवरचा ठसा कडांकडून विरू लागला, रुपयाएवढा झाला, टिकलीएवढा झाला, गेला. भागू वाट बघत राहिली. ऊन काचेवर तसंच पडून होतं. ठसा पुन्हा आला नाही.

बाबांनी मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला केली. चांगला कान खुर्चीच्या दिशेला धरून बसले.

"येईना ऐकू," ते म्हणाले. "तुला येतंय?"

भागूने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या मानेवर, केसांच्या खाली, काहीतरी ओलसर गरम लागलं. मग खरखर. मग थांबणं. मग अगदी कानाशी, कुठल्याही उंबरठ्यावर न घुटमळता, स्वच्छ, शीळ. कागदावरची आकृती आता तिच्या बाजूने सुलटी होती. परतणे. जाण्याला आणि येण्याला अडसर नाही. तिने फिरवताना पलीकडच्या बाजूचा विचार केला होता. अलीकडच्या बाजूचा केला नव्हता.

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते.

"नाही," भागू म्हणाली. बहिऱ्या माणसाशी बोलताना बोलतात तसं, सुटं सुटं, ओठ नीट हलवून. "मलाही नाही येत. सुटली, बाबा."

बाबांनी डोळ्यांवर मनगट दाबलं आणि ते मटाराच्या ढिगावर वाकून रडू लागले, मोकळेपणाने, लहान मुलासारखे. भागू त्यांच्याकडे पाहत राहिली. मागे श्वास लागला होता. आईला पुढे झुकायला जागा मिळत नसावी. भागू खुर्चीवर जराशी पुढे सरकली, आणि तिने पाठीमागे जागा केली.